चेंडू थोरल्याकडेच

भाऊजी उताणे पडले होते आणि श्वास घेत नव्हते. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली, तोंडात चिखल. कानाच्या वर जिथे डेपोच्या संघातल्या गड्याचा गुडघा बसला होता तिथे रक्त नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. रक्त आलं की माणसाला काही करता येतं. फडकं दाबता येतं, हळद भरता येते. इथे करण्यासारखं काही दिसत नव्हतं. दोन्हीकडची माणसं भोवती गोळा झाली आणि नुसती बघत राहिली. माझा नवरा धोंडिबा, म्हणजे भाऊजींचा धाकटा भाऊ, सगळ्यांत जवळ होता. तो दोन्ही हात पुढे करून उभा होता. त्या हातांनी काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी बांधावर गवत कापत होते. विळा हातात तसाच घेऊन गायरानात पळत गेले. बाईने पुरुषांच्या खेळात जायचं नाही, थोरल्या दिरापुढे उघड्या डोक्याने उभं राहायचं नाही, हे मला ठाऊक होतं. त्या वेळी ते कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

डेपोवाल्यांचा पुढारी स्वामी गर्दी ढकलत आला. गुडघ्यावर बसून त्याने भाऊजींच्या तोंडात दोन बोटं घातली, चिखल काढला, मग आणखी आत हात घालून घशात पडलेली जीभ ओढून पुढे आणली आणि त्यांना कुशीवर वळवलं. गाळात रुतलेला पाय उपसताना होतो तसा आवाज झाला. श्वास आला. शुद्ध मात्र आली नाही. स्वामी ओरडला, "बांबू काडो! घोंगडी आनो!" गोलाचे दोन बांबू उपटले, त्यांना घोंगडी बांधली, झोळीत भाऊजींना घातलं आणि दवाखान्यात न्यायला डेपोच्या ट्रककडे नेलं. धोंडिबा मागून पळत गेला. गायरानात चेंडू एकटा पडून राहिला. त्याला कुणी हात लावला नाही.

भादवा आला की मला हे आठवतं. दुःख म्हणून नाही. ऊनच तसं असतं. पाऊस ओसरलेला, जमीन आतून ओली, वरून असं ऊन की पाठ भाजून निघते. त्या उन्हात गवताला वास सुटतो. बाजरी कणसात भरलेली असते, चिमण्या उठवायला माळ्यावर गोफण फिरत असते. आता तळवड्यात बाजरी नाही. जिथे आमचं गायरान होतं तिकडे काचेच्या इमारती आहेत आणि गळ्यात पट्टे घातलेली पोरं-पोरी बसमधून उतरतात. ऊन तेवढं तेच आहे. कंपन्यांना ते काढून टाकता आलेलं नाही.

त्या वेळी माझं लग्न होऊन दुसरंच वर्ष होतं. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, पिंपरीकडे सरकारी कारखान्याचं काम सुरू झालं होतं, आमच्याकडे अजून विहिरीवर मोटच चालायची. रेल्वेच्या बाजूला लष्कराचा डेपो होता. तिथे देशभरातून आलेली माणसं कामाला होती, त्यांत मद्रासकडचे पुष्कळ. कामाची सुट्टी झाली की ते आमच्या गायरानात फुटबॉल खेळायला येत. गावाने आधी बांध तुडवले म्हणून भांडण केलं. मग बघायला लागले. मग खेळायला लागले. आमच्याकडे असंच होतं.

स्वामीचं खरं नाव मला ठाऊक नाही. गावाला सगळे मद्रासी स्वामीच. हा काळा, सडपातळ, पायाला पट्ट्या गुंडाळून खेळणारा, डेपोत स्टोअरचं काम करणारा. त्याच्या गड्यांचा खेळ बघायला मला आवडायचा. बाईमाणसाने तिथे जाऊन उभं राहायची सोय नव्हती, पण गवत कापायला बंदी नव्हती. त्या मोसमात आमच्या म्हशीने भरपूर गवत खाल्लं.

डेपोवाले चेंडू उंच मारत नसत. जवळच्याला देत, तो दुसऱ्याला, दुसरा परत पहिल्याला. चेंडू गवतातून सापासारखा जायचा. आमचे गडी त्याच्या मागे धावायचे आणि पोहोचायचे तेव्हा चेंडू गेलेला असायचा. कोरड्या जमिनीवर हे असं. जमीन ओली झाली की चेंडू डबक्यात थांबायचा, चामडं पाणी पिऊन दगडासारखं जड व्हायचं आणि त्यांचा सगळा खेळ अडकायचा. आमचे गडी मग लाथ घालून चेंडू पार पलीकडे टाकायचे. श्रावणात आम्ही जिंकलो आणि गावात सगळे म्हणाले, आपल्या बाजरीच्या भाकरीत दम आहे. तो दम चिखलाचा होता. उघडीप पडली की आम्ही हरायला लागलो. भाकरी तीच होती.

पण आमचं हरणं नुसतं जमिनीमुळे नव्हतं. हे मला तेव्हा दिसत होतं, नीट सांगता येत नव्हतं. आता येतं, कारण नातीने शेंगदाण्यांवर समजावलं.

माझी नात सई पिंपळे गुरवला जाळी लावलेल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या मैदानात फुटबॉल खेळते. अर्धी चड्डी घालून खेळते. मी काही बोलत नाही. मी विळा घेऊन चोरून बघत होते, ही उघड खेळते, एवढंच. परवा टीव्हीवर सामना लागला होता. मी विचारलं, हे पुढे जायचं सोडून मागे का देतायत? तिने खारे शेंगदाणे ताटात मांडले.

"आजी, बघ. हा शॉर्ट पास. जवळच्याला, जमिनीवरून, पटपट. समोरच्याला बॉल मिळतच नाही. तो पळून पळून दमतो."

"आन् ह्यो?"

"हा लाँग बॉल. मागून उचलायचा आणि थेट पुढे टाकायचा."

"ह्यो आमचा."

"तुमचा म्हणजे?"

"तू पुढं सांग."

"हा थ्रू पास. हा माणसाला द्यायचाच नाही. माणसाच्या पुढे मोकळी जागा असते ना, तिथे द्यायचा. आपला माणूस पळत येऊन घेतो."

"आन् न्हाई आला तर?"

"तर शिव्या खातो."

मी एक दाणा उचलून तोंडात टाकला.

"आजी! तो आपला स्ट्रायकर होता!"

"बरा हुता. जरा खारट."

तिला सगळ्या पासांची नावं येतात. भिंतीवर आपटल्यासारखा एकाकडून लगेच परत येणारा पास, या कडेकडून त्या कडेला टाकलेला पास. मी सगळं ऐकलं. मग तिला म्हटलं, आमच्याकडे एक पास होता त्याला तुझ्याकडे नाव नाही. तो मान देऊन दिलेला पास.

आमच्या संघात सगळी भावकी होती. चुलते, पुतणे, सख्खे, चुलत. भाऊजी त्यांत थोरले. अंगाने दांडगे, आवाज असा की मोटेचे बैल नुसत्या हाकेवर चालायचे. त्यांनी "आण रं!" म्हटलं की चेंडू त्यांच्याकडे जायचा. न म्हणताही जायचा. धाकट्याच्या पायात चेंडू आला आणि थोरला मैदानात कुठेही असला, तरी धाकटा आधी त्याला शोधायचा. मोकळा कोण आहे हे कुणी बघायचंच नाही. थोरल्याच्या देखत धाकट्याने गोल मारायचा म्हणजे पंगतीत बापाच्या आधी घास घ्यायचा. असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

स्वामीने हे लवकर ओळखलं. त्याने भाऊजींच्या दोन्ही बाजूंना दोन गडी उभे केले आणि बाकीच्यांना मोकळं सोडलं. बाकीचे आमचे गडी मोकळे हिंडायचे आणि त्यांच्याकडे कुणी चेंडू देत नव्हतं. भाऊजी दोघांच्या मध्ये घामाघूम व्हायचे, ढकलाढकली करायचे, ओरडायचे, आणि आमची माणसं पुन्हा चेंडू तिथेच नेऊन घालायची.

एकदा स्वामी आमच्या विहिरीवर पाणी प्यायला आला होता. धोंडिबा मोट हाकत होता. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात मी धुणं आपटत होते. स्वामी हसत त्याला म्हणाला, "तू चांगला पळतो. पण मानूस बघतो. मानूस नको बघू. जागा बघ. मानूस येतो जागेवर."

"दादा आसत्यात ना," धोंडिबा म्हणाला.

"दादा हाय तर काय? दादाला दोन मानूस धरून हाय."

"व्हय, पन दादा हायेत."

स्वामीने माझ्याकडे बघितलं. मी धुणं आपटत राहिले. आपला नवरा परक्या माणसासमोर बावळट दिसत होता आणि त्याचं म्हणणं मला कळतही होतं.

कारण घरात तेच होतं. कडब्याची गंजी रचताना खालून पेंढ्या फेकतात आणि वरचा माणूस झेलतो. वर भाऊजीच. सगळे खालून फेकायचे. त्यांच्या हातात एक पेंढी असतानाच दुसरी यायची, मग तिसरी. ते पडायला आलेले असायचे आणि खाली कुणी थांबायचं नाही, कारण थांबलं तर कामचुकार दिसेल. बी कोणतं टाकायचं, दादांना विचारा. म्हैस आटली, दादांना सांगा. भावकीत बांधावरून भांडण झालं, दादांना पुढे करा. पाहुणा आला, दादांना बोलवा. ते कधी नाही म्हणाले नाहीत. सगळे म्हणायचे, केवढा मान आहे. माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणायचे, चुलीपुढे एकदा म्हणाली, "मान त्यांस्नी मिळतोय आन् रोज राती पाठ मी चोळतीया. तेलाची बुधली संपली, मान काय संपंना."

मी हसले होते. तेव्हा मला वाटलं, आक्काला कुरकुरायची सवयच आहे.

डेपोवाल्यांशी त्या मोसमातला शेवटचा सामना पितरांच्या पंधरवड्यात आला. सासूबाई पेटल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कावळ्याला घास घालायचा सोडून बालला लाथा घालाय निगाले! वाडवडील वरनं बघत्यात."

भाऊजी म्हणाले, "बघू द्या की आये. त्यांस्नी बी जरा करमणूक."

सकाळी उत्तरा नक्षत्राची एक सर पडून गेली होती. गायरान अर्धं कोरडं, अर्धं ओलं. डेपोकडच्या बाजूला ऊन लागून जमीन वाळलेली, आमच्या गोलापुढे गाळ. अशा जमिनीवर कुणाचाच खेळ धड चालत नाही. डेपोवाले वाळलेल्या भागात चार पास सुंदर द्यायचे आणि गाळात आले की चेंडू रुतायचा. आमचे गडी गाळातून लांब लाथा घालायचे आणि पुढे घ्यायला कुणी नसायचं. त्यांचा एक गोल झाला, आमचा एक झाला. आमचा भाऊजींनी केला; दोघांना अंगावर घेऊन, लोळत. उठले तेव्हा लंगडत होते. मी बांधावर बसून बघत होते. कापलेलं गवत कधीच पुरेसं झालं होतं.

मग दिवस कलायला लागला असताना धोंडिबाच्या पायात चेंडू आला. पुढे कुणीच नव्हतं. डेपोचा गोलकीपर पुढे आला होता, तो तिथे उरलेल्या चिखलाच्या एका डबक्यात घसरून पडला. समोर दोन बांबू, मध्ये मोकळी जागा. म्हशीनेसुद्धा शिंगाने ढकलला असता. माझा नवरा थांबला. मागे वळला. त्याने हाक मारली, "दादा!" आणि चेंडू मागे दिला.

भाऊजी मागून येतच होते. चेंडू उसळून छातीपर्यंत आला, म्हणून ते डोकं खाली घालून पुढे झेपावले. तोच चेंडू अडवायला डेपोचा गडी बाजूने उडी घेऊन आला. त्याचा गुडघा आणि भाऊजींचं डोकं. यात त्या गड्याची काही चूक नव्हती. त्याला चेंडूच दिसत होता. नंतर तो आमच्या दारात येऊन रडला तेव्हा सासूबाईंनीच त्याला गूळपाणी दिलं.

मी घरी परतले तेव्हा चूल तशीच होती. आक्काने कालवणासाठी घेवडा निवडायला घेतला होता, तो सुपात पडलेला. ती भिंतीला टेकून बसली, तिचं धाकटं लेकरू मांडीवर. कुणी रडलं नाही. सासूबाईंनी पितरांच्या नावाने पाण्याचा तांब्या अंगणात ठेवला आणि वर बघून त्यांना खडसावलं, "तुमाला काय पायजे ते माझं घ्या. त्याला हात लावू नका." मग त्याही बसल्या.

मी घेवडा निवडला. दुसरं काही सुचलं नाही. निवडताना मनात येत होतं, हे गेले तर उद्या म्हैस कुणाला विचारून विकायची, बांधाचं भांडण कोण बोलणार, पाहुण्याला राम राम कोण घालणार. मी एका माणसाच्या मरणाचा विचार करत होते आणि माझ्या डोक्यात सगळी कामंच येत होती. तेव्हा मला आक्काच्या तेलाच्या बुधलीचा अर्थ कळला. आम्ही त्या माणसाच्या पायाशी सगळं नेऊन टाकत होतो. प्रेमाने टाकत होतो, त्याने वजन कमी होत नाही.

आक्का एकदाच बोलली. "धाकल्या भावजींनी बॉल दिला न्हवं का ह्यांना?"

"व्हय," मी म्हटलं.

"गोल उगडा हुता?"

"हुता."

धोंडिबाला ती शिव्या घालेल अशी माझी तयारी होती. तिने लेकराच्या डोक्यावर हात फिरवला आणि डोळे मिटले.

दिवेलागण झाली तेव्हा डेपोचा ट्रक वेशीपाशी थांबला आणि धोंडिबा उतरला. चालत आला. पळत आला नाही. अंगणात येऊन तो मटकन बसला. सगळ्या जणी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"सुद्दीवर आलं," तो म्हणाला.

"बोललं का?" आक्का म्हणाली.

"बोललं."

"काय बोललं?"

धोंडिबाने मान खाली घातली. "शिव्या दिल्या. म्हनलं, गाडवा, समोर गोल उगडा पडलेला, मला कशापायी दिलास? मी म्हनलो, दादा, तुमी थोरले. तर म्हनलं, थोरला काय मराया हाय व्हय रं?"

आक्का हसायला लागली. लेकरू मांडीवरून खाली ठेवून पोट धरून हसली. "शिव्या दिल्या म्हंजी बरं हायेत," ती म्हणाली, आणि मग रडली. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. मला एकदम भूक लागली. खरं सांगते, एवढी भूक मला बाळंतपणानंतरही लागली नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी पाच माणसांच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि घेवडा अळणी झाला होता ते कुणालाच कळलं नाही.

डॉक्टरांनी भाऊजींना ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. उजव्या कानाला कमी ऐकू यायला लागलं, बाकी काही नाही. पोळ्याला ते घरी होते. आमच्याकडे पोळा भादव्यातल्या अमावास्येला. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या, पुरणाचा घास दिला. मिरवणुकीत पुढच्या जोडीचा कासरा घरातल्या थोरल्याने धरायचा. भाऊजींना उन्हात उभं राहायची मनाई होती. ते ओट्यावर बाजेवर बसले होते, डोक्याला उपरणं गुंडाळून.

धोंडिबा बैलांपाशी उभा. कासरा हातात घेईना. ओट्याकडे बघत राहिला.

"काय बगतुस?" भाऊजी म्हणाले. "घे कासरा."

"तुमी नुसता हात लावा दादा. मग मी नेतो."

"हात लावत न्हाई. घे."

"लोक काय म्हनतील?"

"ह्या कानानं मला आता ऐकाय येत न्हाई. काय म्हनायचं ते ह्या बाजूनं म्हना म्हनावं." सगळे हसले. मग हळू आवाजात ते बोलले. मी उंबऱ्याआड होते म्हणून ऐकलं. "धोंड्या, समदं माझ्याकडं आनत जाऊ नका रं. दमलो मी. लई दिसापासनं दमलोय. डोस्क्याला लागलं तवा निजाय तरी गावलं."

आक्का पुरण वाटत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

धोंडिबाने कासरा घेतला. वेशीपर्यंत तो बैलांपेक्षा जास्त बिचकत होता. परत आला तेव्हा बरा चालत होता. त्यानंतर म्हशीचं तो बघायला लागला. बांधाचं भांडण मधल्या चुलत दिराने मिटवलं, आणि त्याने ते भाऊजींपेक्षा चांगलं मिटवलं, कारण त्याला ओरडता येत नव्हतं. बियाण्याचं मात्र भाऊजींनाच विचारायचे. त्यांना ते कळत होतं. एवढंच कशाला, मीसुद्धा त्यांच्याशी बोलायला लागले. पदर घेऊन, पण बोलायला लागले. गंजी रचताना ते खाली उभे राहून वर पेंढ्या फेकायचे आणि वरच्याचे हात मोकळे होईपर्यंत थांबायचे. त्यांची पाठ सरळ झाली. आक्काची तेलाची बुधली पुढच्या वर्षी कोनाड्यात भरलेली राहिली आणि तेल खवट झालं. तिने ते दिव्यात जाळलं.

पुढच्या मोसमात भाऊजी खेळले नाहीत. गायरानाच्या कडेला दगडावर बसायचे. आमचे गडी सवयीने चेंडू घेऊन थांबायचे, त्यांना शोधायचे, ते मैदानात नसायचे, मग नाइलाजाने मोकळा गडी बघायचे. असे ते शिकले. डेपोवाल्यांना एकदा कोरड्या जमिनीवर हरवलं, एकदा हरले. धोंडिबाने गोल मारला तेव्हा भाऊजींनी दगडावरून उठून स्वतःचंच उपरणं फेकलं. मी गवत कापत होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून मीही ओरडून घेतलं.

सई म्हणाली, आजी, तुमचा तो मान देऊन दिलेला पास आमच्या टीममध्येही आहे, कॅप्टनला सगळे घाबरतात. मी म्हटलं, तिला सांग, एकदा बाहेर बसून बघ. ती म्हणाली, आजी, तू सांग, ती माझं ऐकायची नाही. मी नाही जाणार. मला तेवढं चालवत नाही आणि तिथे बसायला दगडही नसेल.

भाऊजी जगले. पणतवंडं खेळवली, दात पडून, म्हातारे होऊन झोपेत गेले. आक्का त्यांच्या आधी एक वर्ष गेली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, पितरांशी भांडायला. ज्याचा गुडघा लागला तो डेपोतून निवृत्त होऊन आपल्या गावी गेला. स्वामी बदलीवर गेला आणि पुढचं मला ठाऊक नाही. धोंडिबा कारखान्यात लागला, त्यातून सुटला, आणि गेल्याला आता पुष्कळ दिवस झाले. त्या दिवशी गायरानात जी माणसं होती त्यांतलं त्या दिवसामुळे कुणी गेलं नाही. त्यांतली मी अजून आहे.